भूक, साथ आणि सागरगोटे

१९३७ सालच्या शरद ऋतूत आयर्लंडमधील प्राथमिक शाळांतून मुलांना एक वेगळ्याच प्रकारचा गृहपाठ नेमून देण्यात आला. वरच्या वर्गांतील, म्हणजे अकरा ते चौदा वर्षे वयाच्या मुलामुलींना दर आठवड्याला निबंध लिहावा लागे. शाळेला असे सांगण्यात आले की, यापुढे काही काळ मुलांनी पुस्तकी विषयावर निबंध लिहू नये. घरी जावे, आजी-आजोबांजवळ किंवा शेजारच्या एखाद्या वृद्धाजवळ बसावे, त्यांना प्रश्न विचारावेत, ते सांगतील ते नीट ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी वहीत उतरवून आणावे. सांगणाऱ्याचे नाव, त्याचे वय आणि गाव यांचीही नोंद करावी. ही योजना आयरिश लोकसाहित्य आयोगाची होती. नव्या स्वतंत्र आयरिश राज्याने हा आयोग १९३५ साली स्थापन केला होता आणि जेम्स डेलार्गी हे त्याचे संचालक होते. आयोगाचे दप्तरदार शॉन ओ सूलवॉन यांनी शिक्षकांसाठी एक लहानशी पुस्तिका तयार केली. तीत पन्नासच्यावर विषय दिले होते आणि प्रत्येक विषयाखाली काय विचारावे याची सूचना होती. गाडून ठेवलेले धन, पवित्र विहिरी, लोहाराची भट्टी, लोणी काढण्याची रीत, मोठी वादळे, घरगुती औषधे, दुष्काळाचे दिवस आणि मुलांचे स्वतःचे खेळ असे ते विषय होते.

१९३९ च्या आरंभापर्यंत हे काम चालले. सुमारे ५,००० शाळांतून जे लेखन जमा झाले, त्याची पृष्ठे मोजता ती ७ लाख ४० हजारांच्या घरात भरली. आज हा संग्रह डब्लिनच्या विद्यापीठ महाविद्यालयात आहे. आयोगाच्या एकंदर संग्रहाला २०१७ साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यांच्या यादीत स्थान दिले.

श्रोतेहो, मी पेशाने सरकारी नोकर आहे. कागदांशी माझा रोजचा संबंध. आमच्या व्यवहारात प्रत्येक गोष्टीचे खाते ठरलेले असते. दुष्काळ आला की तो महसूल खात्याकडे जातो, साथ आली की ती आरोग्य खात्याकडे जाते, आणि मुलांचा खेळ हा शाळेच्या वेळापत्रकातील एका तासापुरता उरतो. दुष्काळाच्या फायलीत खेळाचा कागद कोणी लावीत नाही. लावला तर वरिष्ठ विचारतील की, याचा येथे संबंध काय? या आयरिश वह्यांत मात्र तसे घडले आहे. एकाच मुलीच्या एकाच वहीत एका पानावर ‘दुष्काळाचे दिवस’ आहेत, पुढे डांग्या खोकल्यावरचा उतारा आहे, आणि त्यापुढे आपल्या सागरगोट्यांसारखा खडे झेलण्याचा खेळ आहे. अक्षर एकच, शाई एकच. हे तिन्ही विषय एकमेकांशेजारी आले ते केवळ पुस्तिकेतल्या यादीमुळे आले, की त्यांचे खरोखरच काही नाते आहे, या प्रश्नाचा विचार मी आज आपल्यापुढे मांडणार आहे.

आरंभी, फाइल जे सांगते ते पाहू. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या ८१ लाख ७५ हजारांवर होती. त्यांपैकी सुमारे ३० लाख लोक जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत. अंगमेहनत करणारा मजूर दिवसाला दहा-बारा पौंड, म्हणजे जवळजवळ पाच किलो बटाटे खात असे आणि त्यासोबत ताक पीत असे. जमीन थोडी, खंड जबर. अशा स्थितीत एवढ्याशा तुकड्यावर कुटुंब जगवील असे दुसरे पीक नव्हते. १८४५ च्या सप्टेंबरात या पिकावर एक नवाच रोग दिसू लागला. पाने काळवंडत आणि जमिनीतील बटाटा कुजून त्याला दुर्गंधी येई. हा रोग फायटोफ्थोरा इन्फेस्टन्स नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्म जीवामुळे होतो, हे शास्त्राने पुढे निश्चित केले. १८४५ साली पिकाचा एक भाग गेला. १८४६ साली जवळजवळ सर्व पीक गेले. १८४७ साल तर ‘काळे सत्तेचाळीस’ या नावानेच ओळखले जाते. १८५२ पर्यंत हे संकट या ना त्या रूपाने टिकले. सुमारे १० लाख माणसे मेली आणि १० लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८५१ च्या शिरगणतीत लोकसंख्या ६५ लाख ५२ हजारांपर्यंत खाली आली होती.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. १८४५ च्या अखेरीस पंतप्रधान पील यांनी अमेरिकेतून १ लाख पौंडांचा मका गुपचूप खरेदी करविला. तो दाणा कठीण होता, दळावयास अवघड होता आणि तो शिजवावा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. अर्धवट शिजलेला मका खाऊन लोकांची पोटे बिघडली. त्याच्या पिवळ्या रंगावरून लोकांनी त्याला ‘पीलचा गंधक’ असे नाव दिले. १९७२ च्या दुष्काळात सरकारी दुकानातून मिळालेल्या लाल मिलोची आठवण महाराष्ट्रातील ज्या घरांत अजून निघते, त्या घरांना हे अधिक उलगडून सांगावयास नको. पुढे दुष्काळी कामे निघाली. १८४७ च्या मार्चमध्ये ७ लाखांहून अधिक माणसे रस्त्यांच्या कामावर होती. मग ती कामे बंद करून सार्वजनिक सूपगृहे उघडण्यात आली आणि त्या वर्षीच्या जुलैत रोज सुमारे ३० लाख लोकांना तेथून अन्न मिळत होते. हा प्रयत्न परिणामकारक ठरत होता. तरी तो त्याच वर्षी शरद ऋतूत आटोपता घेण्यात आला आणि सारा भार स्थानिक करावर आणि अनाथगृहांवर टाकण्यात आला. त्याच सुमारास असा कायदा झाला की, ज्याच्या ताब्यात पाव एकराहून, म्हणजे आपल्या हिशेबाने दहा गुंठ्यांहून अधिक जमीन असेल, त्याला सरकारी मदत मिळणार नाही. पोटासाठी जमीन सोडावी, की जमिनीसाठी मुलांचे पोट मारावे, अशी ही निवड होती.

या कारभाराची सूत्रे लंडनमध्ये ज्या अधिकाऱ्याच्या हाती होती, ते चार्ल्स ट्रेव्हेल्यन आपल्या देशाला अपरिचित नाहीत. ते १८२६ साली कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आले, दिल्ली आणि कलकत्ता येथे त्यांनी बारा वर्षे काढली आणि आयर्लंडच्या दुष्काळानंतर १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर म्हणून ते पुन्हा येथे आले. आयर्लंडच्या मदतीसाठी देशाबाहेर प्रथम निधी उभा राहिला तोही १८४६ च्या आरंभी कलकत्त्यात, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. तेथे सुमारे १४,००० पौंड जमले. मुंबईतूनही वर्गणी गेली. आणखी एक दुवा सांगण्यासारखा आहे. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर हिंदुस्थानात जो दुष्काळ आयोग नेमला गेला, त्याचे अध्यक्ष अँटनी मॅकडोनेल हे १८४४ साली आयर्लंडच्या मेयो परगण्यात जन्मलेले होते. दुष्काळाचा तडाखा ज्या पश्चिम भागाला सर्वांत अधिक बसला, त्यातलाच हा परगणा. त्यांच्या आयोगाने १९०१ साली दिलेल्या अहवालात तगाई, कामे आणि अन्नदान यांच्या नियमांबरोबर एका गोष्टीवर विशेष भर दिला आहे. ती अशी की, संकटाच्या अगदी आरंभीच लोकांचा धीर टिकेल असे काही केले पाहिजे. एकदा मन खचले की मागाहून केलेली मदत तितकीशी लागू पडत नाही. फायलीच्या भाषेत मनाला स्थान मिळाल्याचे हे एक दुर्मिळ उदाहरण आहे. पुढील विवेचनात त्याची आठवण ठेवावी अशी माझी विनंती आहे.

आता त्या वह्यांकडे आणि १९४५ साली, म्हणजे दुष्काळाच्या शताब्दीच्या वेळी, आयोगाने प्रौढांकडून मुद्दाम गोळा केलेल्या आठवणींकडे वळू. पहिली गोष्ट जाणवते ती ही की, लोकांची आठवण अंकाला धरून राहत नाही, ती जागेला धरून राहते. अमुक टेकडीच्या उतारावर गवताखाली जुन्या बटाट्याच्या लागवडीचे वरंबे अजून दिसतात. ते ज्याने काढले त्याने पुन्हा तेथे कुदळ मारली नाही. अमुक ओढ्याकाठी दगडांचे ढीग आहेत; तेथे घरे होती. अमुक रस्ता डोंगरावर चढतो आणि मध्येच संपतो. तो दुष्काळी कामावरचा रस्ता. अमुक शेतकऱ्याच्या गोठ्यात जनावरांना पाणी पाजण्यासाठी जी लोखंडी कढई आहे, ती सूपगृहातली. लंडनमधल्या मोठ्या अधिकाऱ्यांची नावे या आठवणींत क्वचितच येतात. येतात ती जवळची माणसे: जमीनदाराचा कारभारी, घर पाडावयास आलेले लोक, चढ्या भावाने पीठ उधार देऊन पुढे जमीन घशात घालणारा गावचा सावकार. आणि येतात, शेवटचे मूठभर पीठ वाटून टाकणाऱ्या बायका.

या बायकांची एक कथा देशभर थोड्याफार फरकाने सांगितली जाते. घरात थोडेसेच धान्य उरलेले असते. दाराशी भुकेलेला येतो. नवरा घरी नसतो, किंवा तो नको म्हणत असतो. पण ती बाई देते. दुसऱ्या दिवशी पाहते तो पेटी भरलेली असते. दुसरी एक कथा याच्या उलट टोकाची आहे. दुष्काळापूर्वीच्या वर्षी बटाटा इतका आला की, लोकांनी तो बांधावर आणि खड्ड्यांत फेकून दिला. म्हणून देवाने शिक्षा केली. इतिहासाच्या कसोटीला यांतली एकही कथा उतरत नाही. रोग परदेशातून आला होता, त्याला कोणाच्या माजाचे कारण नव्हते. आणि रिकामी पेटी आपोआप भरत नाही. तरी या कथा का टिकल्या, हा प्रश्न उरतो. मला असे वाटते की, दहा लाख माणसे निष्कारण मेली ही गोष्ट मनाला सोसवत नाही. तेव्हा मन एकतर स्वतःकडे दोष घेते, किंवा निदान एका घरी तरी न्याय झाला असे सांगते.

दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. ‘दुष्काळाचा आपल्या भागाला फार त्रास झाला का?’ या प्रश्नाला पुष्कळदा असे उत्तर मिळे की, झाला, पण आमच्या गावात तितकासा नाही. डोंगरापलीकडे लोक पुष्कळ मेले. डोंगरापलीकडे जाऊन विचारावे तर तेथेही हेच उत्तर. आपले आजोबा अनाथगृहात गेले होते, आपली आत्या रस्त्याच्या कडेला मेली, असे सांगणारे थोडे. यात कोणाला खोटे ठरवण्याचे कारण नाही. जी कुटुंबे समूळ नाहीशी झाली किंवा जहाजावर चढून गेली, त्यांची आठवण सांगावयास मागे कोणी राहिले नाही. जे राहिले त्यांच्याकडे मूठभर अधिक काही होते, आणि ते त्यांनी वाटले की दडवले हा प्रश्न नातवंडाच्या वहीत उतरवून देण्याजोगा नव्हता. मौन हाही या संग्रहाचा एक मोठा भाग आहे. तो केवळ पृष्ठसंख्येत मोजता येत नाही.

भुकेच्या पाठोपाठ साथ आली. खरे पाहता या दुष्काळात उपासमारीपेक्षा रोगांनीच अधिक माणसे मेली. आयरिश भाषेत लोक ‘काळा ताप’ आणि ‘पिवळा ताप’ असे दोन ताप वेगळे ओळखत. पहिला टायफस, दुसरा उलटून येणारा ताप. दोन्ही उवांच्या द्वारे पसरतात. टायफसच्या बाबतीत हे १९०९ साली शार्ल निकोल यांनी सिद्ध केले. १८४७ साली ते कोणालाच ठाऊक नव्हते. भुकेल्या माणसांनी कपडे गहाण टाकले होते, सरपण नव्हते, एका पांघरुणात सारे घर निजत होते; आणि मदतीसाठी हजारो लोक कामावर, सूपगृहापुढे आणि अनाथगृहात दाटीवाटीने एकत्र येत होते. म्हणजे ज्या ठिकाणी अन्न मिळे त्याच ठिकाणी ताप मिळे. समुद्रापार गेले त्यांच्याबरोबर ताप जहाजावर चढला. कॅनडातील क्वेबेकजवळच्या ग्रोस ईल या बेटावर एकट्या १८४७ साली ५,००० हून अधिक आयरिश निर्वासितांना मूठमाती देण्यात आली.

या साथीची लोकस्मृती वाचताना आकडे विसरतात आणि काही वस्तू तेवढ्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. एक वस्तू म्हणजे फावडे. तापाने आजारी असलेल्या घरात जाण्याची भीती वाटे, म्हणून शेजारी लांब दांड्याच्या फावड्यावर दुधाचे भांडे ठेवून ते खिडकीतून आत सरकवीत. दुसरी वस्तू म्हणजे तळाला बिजागरी असलेली शवपेटी. एकच पेटी सर्वांसाठी वापरीत. खड्ड्यावर नेऊन तळ उघडला की प्रेत खाली पडे आणि पेटी दुसऱ्यासाठी परत जाई. कोठे सारे घर मेले तर झोपडीच त्यांच्यावर ढकलून देत. दक्षिणेकडील स्किबरीन गावाजवळच्या दफनभूमीत हजारो माणसे निनावी पडली आहेत. तेथील लोक एका मुलाची गोष्ट सांगत आले आहेत. त्याला मेला समजून खड्ड्यात टाकले होते. खणणाऱ्याच्या फावड्याचा घाव पायांवर बसला, तेव्हा ते मूल कण्हले आणि वाचले. पुढे जन्मभर तो वाकड्या पायांनी गावोगाव फिरला, असे सांगतात.

फावड्यावरच्या दुधाच्या आठवणीत भीती आहे आणि माणुसकीही आहे. शेजाऱ्याने दार लावून घेतले, पण दूध पाठवले. आयर्लंडच्या खेड्यात पाहुण्याला दार बंद ठेवणे हे पाप समजत. त्या समाजाला तापाने शिकविलेली सर्वांत कठीण गोष्ट मरण नव्हती. दार लावून घेणे ही होती. पंधरा वर्षांपूर्वी, १८३२ साली, कॉलऱ्याच्या वेळी याच लोकांनी नेमके उलट केले होते. जूनमध्ये चार्लव्हिल गावी अशी वदंता उठली की, माता मेरीने दर्शन देऊन रक्षा ठेवली आहे आणि ती घरात असेल तर साथ येणार नाही. ज्याला रक्षा मिळाली त्याने ती पुढच्या काही घरांना नेऊन द्यावयाची, त्यांनी पुढे. रक्षेऐवजी कोठे चुलीतील जळत्या किंवा विझलेल्या सरपणाचा तुकडाही चाले. माणसे रात्रीची धावत सुटली आणि एका आठवड्याच्या आत हा निरोप देशाच्या बहुतेक भागात पोचला. कॉलऱ्यावर रक्षेचा काही उपाय नव्हता हे उघड आहे. परंतु धोक्याच्या वेळी आपल्याआधी शेजाऱ्याचे दार ठोठवावे, हा त्या धावण्यातला भाव १८४७ च्या तापाने मोडून टाकला.

वह्यांतील ‘घरगुती औषधे’ हा भाग या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे निव्वळ हसू येत नाही. डांग्या खोकला झालेल्या मुलाला गाढवाच्या पोटाखालून तीन वेळा काढावे. पांढऱ्या घोड्यावरून जाणाऱ्या माणसाला उपाय विचारावा आणि तो सांगेल तो करावा. जिचे माहेरचे आणि सासरचे आडनाव एकच आहे अशा बाईच्या हातची भाकरी द्यावी. सातव्या मुलाचा सातवा मुलगा हात लावील तर रोग बरा होतो. चामखिळीवर दगडाच्या खळग्यातले पाणी लावावे. यांतल्या बहुतेक उपायांनी रोग जात नसेल. पण प्रत्येक उपायात कोणाच्या तरी दारी जावे लागते. घोडेस्वाराला थांबवावे लागते, बाईकडून भाकरी मागावी लागते. तापाने बंद केलेली दारे ठोठावण्याचा हा एक मान्य मार्ग होता, असे मला वाटते.

आता खेळांकडे येऊ. १९३७-३८ साली मुलांनी जे खेळ लिहून दिले ते वाचून मराठी माणसाला परक्या देशात आल्यासारखे वाटणार नाही. गोट्या आहेत, भोवरा आहे, शिवाशिवी आहे, आंधळी कोशिंबीर आहे, जमिनीवर चौकोन आखून एका पायाने ठिकरी सरकवण्याचा खेळ आहे, आणि जुन्या चाकाची लोखंडी धाव काठीने पळवणेही आहे. पाच खडे हवेत उडवून हाताच्या पाठीवर झेलणाऱ्या मुली तेथेही आहेत. खेळणी विकत आणण्याइतका पैसा फारच थोड्यांकडे होता. त्यामुळे ती कशी करावीत हेही मुलांनी तपशिलाने लिहिले आहे. एल्डर नावाच्या झाडाच्या काटकीतला मऊ गाभा काढला की पोकळ नळी होते, तिच्यात ओल्या कागदाचा बोळा ठासून दट्ट्या मारला की फट्ट आवाज होऊन तो उडतो. रिकाम्या रिळाचा भोवरा होतो, चिंध्यांची बाहुली होते. मुलाने आजोबांना विचारून लिहिलेल्या मजकुरात आणि स्वतःच्या खेळाविषयी लिहिलेल्या मजकुरात फरक सहज कळतो. पहिल्यात वाक्ये जपून टाकलेली असतात. दुसऱ्यात ती धावतात.

खेळ आणि मृत्यू यांचे नाते त्या समाजात फार जुने होते. घरात कोणी वारले की रात्रभर प्रेताजवळ जागण्याची चाल होती. त्या रात्री शेजारीपाजारी जमत, तंबाखू ओढीत, कोडी घालीत, शक्तीच्या पैजा लावीत आणि खेळ खेळत. एका खेळात सारे गोल बसून गुडघ्यांखालून एक जोडा फिरवीत आणि मध्ये उभा असलेल्याने तो शोधावयाचा. दीर्घायुषी वृद्ध गेला तर या जागरणाला विशेष रंग चढे. धर्मपीठाने त्याविरुद्ध शतकानुशतके फतवे काढले, तरी लोकांनी ही चाल सोडली नाही. शॉन ओ सूलवॉन यांनी १९६१ साली या खेळांवर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. जे काम फतव्यांना जमले नाही, ते काही काळ तापाने केले. मृताच्या घरी जाण्यासच लोक भिऊ लागले. अनेकांना पेटी मिळाली नाही, मग जागरण कोठले?

डोनेगॉल परगण्यातील एका वृद्धेने दुष्काळाविषयी जे सांगितले ते पुष्कळांनी उद्धृत केले आहे. तिच्या म्हणण्याचा आशय असा आहे की, खेळ, गाणी, नाच, काव्य हे सारे थांबले. आणि दिवस पालटले तरी ते पूर्वीसारखे परत आले नाहीत. किती मेले हे तिने सांगितले नाही. हानीचे मोजमाप करावयाचे तर काय मोजावे, हे मात्र तिने सांगितले. तिच्या सांगण्याला बाहेरचा पुरावाही आहे. वाकड्या काठीने चेंडू मारण्याचा हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन खेळ दुष्काळानंतर अनेक भागांत नामशेष झाला. तो आणि इतर देशी खेळ पुन्हा उभे करण्यासाठी १८८४ साली थर्ल्स या गावी एक संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक मायकेल क्यूसॅक हे १८४७ साली क्लेअर परगण्यात जन्मले होते. काळ्या सत्तेचाळीस सालच्या मुलाने खेळ परत आणण्याचे मनावर घ्यावे आणि त्यासाठी जवळजवळ चाळीस वर्षे लोटावी लागावीत, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

आता आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. दुष्काळ, साथ आणि खेळ हे तिन्ही विषय एका वहीत आले ते योग्यच झाले, कारण लोकांच्या अनुभवात ती एकच हकिकत आहे. भूक अन्न नेते, ताप शेजार नेतो, आणि ही दोन्ही गेली की मुलांचा खेळ जातो. खेळ जाण्याची नोंद कोणत्याही तक्त्यात होत नाही. पण गाव खचल्याची याहून खात्रीची खूण नाही. मॅकडोनेल यांच्या अहवालात लोकांचा धीर म्हणून जो म्हटला आहे, तो मोजण्याचे माप कदाचित हेच असेल.

अर्थात लोकस्मृती म्हणजे निखळ सत्य नव्हे, हे माझ्यासारख्या कागदी माणसाने सांगितलेच पाहिजे. या वह्या दुष्काळानंतर नव्वद वर्षांनी लिहिल्या गेल्या; सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो आईबापांकडून ऐकला होता. लिहिणारे मूल होते, त्याच्या मागे शिक्षक उभा होता, आणि उत्तर भागातील सहा परगणे वेगळ्या राज्यात असल्यामुळे या योजनेत नव्हते. सरकारने स्मृतीला पुरावा मानले म्हणजे काय होते, याचे एक मौजेचे उदाहरण तेथेच आहे. १९०९ पासून सत्तर वर्षांवरील गरिबांना निवृत्तिवेतन मिळू लागले. पण आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्मांची नोंद १८६४ पासूनची. तेव्हा वय कसे ठरवावे? १८३९ च्या जानेवारीत झालेल्या मोठ्या वादळाची रात्र ज्याला आठवते, तो सत्तरीचा असे धरण्यात येऊ लागले. त्याबरोबर ती रात्र आठवणाऱ्यांची संख्या देशात एकाएकी वाढली! दप्तराला मौनाची सवय असते आणि स्मृतीला अलंकाराची. म्हणून दोन्ही शेजारी ठेवून वाचावी लागतात.

परंतु त्या १९३७ च्या योजनेत एक शहाणपण होते आणि ते सरकारी यंत्रणेतून आले होते, याचा मला विशेष आनंद वाटतो. तिने तज्ज्ञाला पाठवले नाही, नातवंडाला पाठवले. तिने ‘किती मेले?’ असे विचारले नाही. ‘तुमच्या गावात पडकी घरे कोठे आहेत?’ असे विचारले. आणि मुलाला आजोबांच्या दुःखाचा लेखनिक करून ती थांबली नाही. तू काय खेळतोस, हेही तिने त्याला विचारले. आज या वह्यांतील अक्षरे छापील रूपात आणण्याचे काम शेकडो स्वयंसेवक आपापल्या घरी बसून करीत आहेत. त्या कामाला त्यांनी ‘मेहल’ असा आयरिश शब्द वापरला आहे. सुगीच्या दिवसांत सर्वांनी मिळून एकेकाच्या शेतात राबण्याला तेथे हे नाव आहे. आपल्याकडे त्याला इरजिक म्हणतात.

आपल्या देशात दुष्काळ आणि साथी यांच्या चौकशा पुष्कळ झाल्या आहेत आणि पुढेही होतील. त्या करणाऱ्यांनी पिकाची आणेवारी काढावी, मृतांची गणती करावी, रस्त्याचे मैल मोजावेत. ते सारे आवश्यकच आहे. प्रश्नांच्या त्या यादीत शेवटी आणखी एका ओळीला जागा ठेवावी, एवढेच माझे सांगणे आहे. गावातील मुले खेळावयाची केव्हा थांबली, आणि पुन्हा केव्हा खेळू लागली?